लिफ्ट बंद पडायलाच हवी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या कंपनीत लिफ्ट बंद पडली की सगळ्यांचं भागतं. मेकॅनिकला इन्सेंटिव्ह मिळतो तो दर तक्रारीमागे. जो लिफ्ट बंद पडूच देत नाही, त्याला ठेंगा.

आणि असल्या कंपनीने यामिनीला पुण्याहून थेट बंगालमध्ये, न्यू टाउनच्या ऑफिसात आणलं, ते काय शिकवायला? तर बिघाड होण्याआधीच तो आवाजावरून ओळखायला! मेकॅनिकांनी ते वापरलं तर तिची नोकरी पक्की, नाहीतर घरी.

मेकॅनिक ट्रेनिंगला आले, संदेश मिठाई खाल्ली, माना डोलावल्या. वापरलं कोणीच नाही.

शेवटच्या मीटिंगला मुंबई हेड ऑफिसच्या वृंदा मॅडम स्क्रीनवर होत्या. मॅनेजर केयूर इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, शिकवणंच कच्चं आहे हिचं."

यामिनी भडकली. तिने मोबाइलवर एका लिफ्टच्या दाराचा आवाज लावला आणि सगळ्यात जुन्या मेकॅनिकला विचारलं, "तपनदा, क्या बिगड़ा है?"

"दरवाज़े का रोलर. जल्दी बदलो, नहीं तो लिफ्ट अटकेगा."

"तो बदलते क्यों नहीं?"

तपनदा हसला. "लिफ्ट नहीं अटकेगा तो हम खाएगा क्या, दीदी?"

केयूर तिच्याकडे झुकला. बंगाली पोरांसमोर मराठीत बिनधास्त बोलायची त्याला वर्षानुवर्षांची सवय. "गप्प बस गं! तक्रारीचे कॉल कमी झाले तर माझा बोनस काय तुझा बाप देणार? शिकवणं कमी पडलं म्हण, तुला दुसरीकडे चिकटवतो. आपण आपलीच माणसं."

"केयूर," स्क्रीनवरून आवाज आला, "मराठी मलाही येतं."

केयूर पांढराफटक पडला. यामिनीला वाटलं, जिंकले.

"मॅडम, यांना सगळं येतं. चालू राहिलेल्या लिफ्टचे पैसे द्या, उद्यापासून वापरतील."

वृंदा मॅडमनी पाण्याचा घोट घेतला. "इन्सेंटिव्ह हा तुझा विषय नाही. माझं टार्गेटही कॉलवरच मोजतात, बाळ."

बाळ! पोटावर पाय देताना हे लोक मायाळू होतात.

"तुला कन्फर्म करता येणार नाही. केयूर, पुढचा ट्रेनर जरा मिळूनमिसळून राहणारा बघ."

यामिनीने गळ्यातलं ओळखपत्र काढून केयूरच्या चहाशेजारी आपटलं.

"ट्रेनर कशाला? यांना आलेलं विसरायला लावणारा कोणीतरी आणा. तुमच्या कामाचा तोच."