एकट्याला पेलेल असं मशीन

थोरल्यांनी करवतीच्या मशीनच्या लोखंडी टेबलावर दोन्ही तळवे टेकले, अंगाचा सगळा भार टाकला, आणि टेबल तसूभरही हललं नाही तरी मान हलवली.

"हे नको."

"आता ह्यात काय खोट काढलीत, दादा?" धाकट्यांचा चेहरा पडला.

हे मशीन पाहताक्षणी त्यांच्या मनात भरलं होतं. कपाटासारखं बंद अंग, मोटर पोटात, भुसा अंगावर उडायची बात नाही, सगळा खालच्या तोंडातून पिशवीत. बाजूचं चाक दोन बोटांनी फिरवलं की पातं अलगद वर येत होतं. धाकट्यांनी ते इतक्या वेळा वरखाली करून पाहिलं की दुकानातल्या बाई हसू दाबत म्हणाल्या, "काका, ते खालीही तसंच जातं."

"खोट काही नाही," थोरले म्हणाले. "चांगलंच आहे. पण आपल्याला नको."

सकाळपासून हे तिसरं. पहिल्याचं टेबल त्यांना आखूड वाटलं होतं. दुसऱ्याची मोटर जाड लाकडाला दम खाईल म्हणाले. ह्याला तर कारणही दिलं नाही. मुलगी बघायला आलेल्या हट्टी मामासारखं चाललंय यांचं, धाकटे मनात म्हणाले.

गावात लोक या दोघांना थोरले आणि धाकटे म्हणत. निम्म्या गिऱ्हाइकांना ते सख्खे भाऊ वाटत. होते साडू. एका घरच्या दोन बहिणी दोघांनी केल्या होत्या. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी एकत्र जमले तेव्हा तिथल्या एका न लागणाऱ्या दाराला दोघं एकाच वेळी हात घालायला उठले. दोघंही सुतार, दोघांच्याही खिशात पेन्सिल. दार दुपारपर्यंत लागायला लागलं, आणि पुढे वर्षभरात दोघांची एक लांबट शेड झाली, कपाटं, पलंग, टेबलं बनवायची. तेव्हापासून एकमेकांना अहो-जाहो करत आले होते. भांडणंसुद्धा अहो-जाहोतच व्हायची, त्यामुळे फार टिकायची नाहीत.

शेडमधलं जुनं करवतीचं मशीन त्यांनी स्वतःच जोडलं होतं. लोखंडी घोडा, कुठून तरी आणलेली मोटर, मधे पट्टा. सुरू झालं की चहाचे कप फळीवरून चालायला लागत. त्या मशीनवर धाकटे फळी पुढे ढकलत आणि थोरले पात्यापलीकडे उभे राहून ती धरत. मोठ्या फळीला असं दुसरं माणूस लागतंच. पलीकडचं टोक खाली झुकलं, काप मिटला, की फिरतं पातं लाकडाला पकडतं आणि फळी ढकलणाऱ्याच्या पोटात परत फेकतं. इतक्या वर्षांत दोघांना कधी 'धरा', 'सोडा' असं म्हणावं लागलं नव्हतं. मागच्या महिन्यात मशीनचा दांडा मोडला. दुरुस्तीवाल्याने तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, "आता ह्या मशीनला मोकळं करा. आणि मलाही." म्हणून आज दोघं शहरात आले होते.

"ते बघू," थोरले म्हणाले.

ते कोपऱ्यातल्या मशीनकडे गेले. त्याला डावीकडे रुळांवर सरकणारं टेबल होतं आणि पात्याच्या मागे भलंमोठं जादा टेबल जोडलेलं. थोरल्यांनी सरकतं टेबल पुढेमागे केलं. पात्यामागची पोलादी पट्टी, काप मिटू न देणारी, तिला अंगठा लावून पाहिला. मग वाकून खालचं लाल बटण बघितलं.

"हे गुडघ्याने दाबता येतं?"

"येतं," बाई म्हणाल्या. "दोन्ही हात फळीवर असले तरी बंद करता येतं."

"अहो, पण हे धूड ठेवायचं कुठे?" धाकटे वैतागले. "अर्धी शेड हेच खाईल. आणि मागे एवढं टेबल लावलं तर तुम्ही उभे कुठे राहणार? खिडकीबाहेर?"

बाईंनी हातातला पाना खाली ठेवला. त्यांना आपल्या मशिनांची चांगली जाण होती, उगाच महागातलं गळ्यात मारत नव्हत्या.

"एक विचारू? त्यावर बरंच ठरतं. मशीनवर काम करणारे किती जण?"

"दोघं," धाकटे म्हणाले.

"एकच," थोरले त्याच वेळी म्हणाले.

बाईंनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही चहा घेऊन या," त्या म्हणाल्या. "मी आहे संध्याकाळपर्यंत."

रस्त्यापलीकडच्या दुकानात चहा आला तरी धाकट्यांनी कपाला हात लावला नाही.

"एकच म्हणजे?"

"मी लेकीकडे जातोय. कायमचा."

"कधी ठरलं हे?"

"ठरून झाले बरेच दिवस. सांगायचं जमत नव्हतं."

थोरल्यांची लेक दूरच्या गावी नोकरी करत होती. तिला नुकतं मूल झालं होतं. आई गेल्यापासून ती वडिलांना बोलावत होती, हे धाकट्यांना ठाऊक होतं. पण थोरले जातील असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. थोरल्यांची बायको गेली त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. तेव्हापासून त्यांचा दोन वेळचा डबा धाकट्यांच्या घरून जात होता. आठवड्यातून एकदा ते जेवायलाच येत, आणि धाकट्यांची बायको बहिणीच्या आठवणी काढून काढून त्यांना वाढत असे.

"आमचं काही चुकलं का?"

"चुकलं असतं तर सोपं होतं. भांडून गेलो असतो." थोरल्यांनी चहाचा घोट घेतला. "ती फळी आठवते? पोटावर आली होती ती."

धाकट्यांचा हात नकळत पोटाकडे गेला. कपाटाची बाजू कापत होते. अर्ध्यावर असताना पलीकडचं टोक एकदम खाली गेलं आणि फळी उलटी आली. काळंनिळं झालं होतं. घरी त्यांनी टेबलाचा कोपरा लागल्याचं सांगितलं होतं.

"घसरली होती ती. मशीनच थरथरत होतं."

"घसरली नव्हती. मी धरलीच नव्हती." थोरले रस्त्याकडे बघत बोलत होते. "समोर उभा होतो, हात पुढे होते, आणि मी तिथे नव्हतोच. लेकीची आई शेवटी दवाखान्यात पाणी मागत होती ते आठवत होतं. भानावर आलो तेव्हा तू पोट धरून खाली बसला होतास. त्यानंतरही दोनदा झालं असं. तुझ्या लक्षात आलं नाही, कारण वेळेवर सावरलं. पुढच्या वेळी नाही सावरलं तर? तुझ्या बायकोला काय तोंड दाखवू? एक बहीण गेलीच आहे तिची."

तू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. धाकट्यांना ते ऐकू आलं.

"मग पॉलिश करा," ते म्हणाले. "मापं घ्या. गिऱ्हाइकांशी बोला. मशीनला हात लावू नका. मी काय एका मशीनसाठी ठेवलंय का तुम्हाला?"

"ठेवलंय," थोरले किंचित हसले. "हाच शब्द. मी ठेवून घेतलेला माणूस झालोय. ती होती म्हणून मी तुमचा साडू. आता ती नाही. मग मी कोण?"

"साडूच."

"साडू बायकोमुळे असतो."

"असेल!" धाकट्यांचा आवाज इतका चढला की शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघू लागला. "मग गेलं वर्षभर मेहुणीच्या हातचं जेवलात ते कोणत्या नात्यानं? तेव्हा नाही आठवलं हे?"

"आठवत होतं. रोज."

धाकट्यांनी थंड चहा एका घोटात संपवला. जीभ भाजली नव्हती, तरी डोळ्यांत पाणी आलं.

"मग मशीन निवडायला कशाला आलात? गुपचूप जायचं होतं."

"तुम्हाला एकटं सोडलं असतं तर तुम्ही ते मघाचं घेतलं असतंत. चाक छान फिरतं म्हणून." थोरले पुन्हा अहो-जाहोवर आले होते. "ते दोघांचं मशीन आहे. तुम्हाला एकट्याला पेलेल असं बघून दिलं की मी मोकळा."

दुकानात परतल्यावर थोरल्यांनी बाईंना सांगून प्लायची एक अख्खी फळी मागवली. बाईंनी केसांत खोचलेला, भुशापासून डोळे वाचवायचा चष्मा काढून धाकट्यांना दिला.

"कापा," थोरले म्हणाले. "मी हात लावणार नाही."

ते पात्याच्या पलीकडे, त्या जादा टेबलाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. मशीन सुरू झालं. धाकट्यांना वाटलं सुरूच झालं नाही, इतका आवाज कमी. त्यांनी फळी सरकत्या टेबलावर बसवली आणि पुढे लोटली. पातं लाकडात शिरलं. फळीचं टोक पात्यापलीकडे निघालं तेव्हा सवयीने धाकट्यांनी मान वर केली. पलीकडे थोरल्यांचे खांदे पुढे आले होते, पण हात सुटले नाहीत. टोक टेबलावर आलं, टेकलं, आणि सपाट पुढे जात राहिलं. फळीचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही जागच्या जागी राहिले. धाकट्यांनी गुडघ्याने लाल बटण दाबलं.

"बघितलंत?" थोरले म्हणाले. "माझ्यापेक्षा बरं धरतं."

धाकट्यांनी कापलेली कड बोटाने चाचपली. कुठेही फाटली नव्हती. त्यांनी बरीच खोट शोधली, मग बाईंना म्हणाले, "हे पाठवून द्या."

घरी धाकट्यांच्या बायकोला सांगायचं काम थोरल्यांनी अंगावर घेतलं. ती भाजी चिरत होती. सगळं ऐकून घेईपर्यंत तिने विळीवरून हात काढला नाही.

"पोटाला फळी लागली होती होय?" तिने आधी नवऱ्याकडे बघितलं. "आणि मला टेबलाचा कोपरा सांगितलात. तुमचं मी नंतर बघते." मग थोरल्यांकडे वळली. "भावोजी, तुम्ही जा. नातवाकडे जाताय, कुणी आडवं येणार नाही. पण मी डबा देत होते तो ताईच्या नवऱ्याला म्हणून नव्हे. तुम्ही एकटे काय जेवणार, हे मला ठाऊक होतं म्हणून. लेकीला सांगा, तुम्हाला दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय तुम्ही भात वाढून घेत नाही. तिला नाही लक्षात यायचं."

थोरल्यांनी उठून मोरीत तोंड धुतलं.

मशीन येईपर्यंत थोरले थांबले होते. शेडमधली कामाची दोन्ही टेबलं हलवावी लागली. लाकडाची रास उजवीकडून डावीकडे आणली, म्हणजे धाकट्यांना फळी घेऊन वळसा घालावा लागू नये. मशीनच्या पायाखाली पत्र्याच्या चकत्या घालून, पातळी बघायची पाणसळ लावून लावून थोरल्यांनी ते असं बसवलं की टेबलावर ठेवलेली गोटी लोळेना. भुशाच्या पिशवीसाठी खुंटी ठोकली. मग लेकीच्या गावच्या बसमध्ये बसले. बॅग एकच होती. धाकट्यांनी ती वर ठेवली, खाली उतरले, आणि बस सुटेपर्यंत दोघं खिडकीतून हवेबद्दल बोलले.

पहिले काही दिवस धाकट्यांनी नव्या मशीनवर बारीकसारीकच कापलं. मग एका शाळेची बाकं आली, आणि मोठ्या फळ्या घ्याव्याच लागल्या. काम अडलं नाही. खरं तर आधीपेक्षा लवकर उरकायला लागलं, आणि संध्याकाळी शेड बंद करताना हेच त्यांना कसंतरी वाटायचं. एक दुपार अशी गेली की गिऱ्हाईकही आलं नाही आणि घरी जाईपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

असंच एकदा बाकांच्या फळ्या कापत असताना फोन वाजला.

"काय करताय?" थोरल्यांचा आवाज. मागे मूल रडत होतं आणि कुणीतरी त्याला गप्प करत होतं.

"कापतोय. नातू काय म्हणतोय?"

"म्हणतोय काय, बोंबलतोय. मांडीवर घेतलं की माझाच खिसा चोखतो. मशीन कसं आहे?"

"झकास."

"जरा ऐकवा बघू."

धाकट्यांनी फोन मागच्या टेबलावर ठेवला, मशीन सुरू केलं आणि एक लांब फळी घेतली. घाई न करता, पूर्ण कापली. मग बटण दाबून, पातं थांबायची वाट बघून फोन उचलला. पलीकडचं मूल गप्प झालं होतं.

"ऐकलंत?"

"ऐकलं. पातं वर ठेवलंय तुम्ही. शेवटाला आवाज फाटतोय. एक सूत खाली घ्या."

"घेतो," धाकटे म्हणाले.

"आत्ता घ्या. नंतर विसराल."

पातं बरोबर होतं. सकाळीच त्यांनी मापून लावलं होतं. धाकट्यांनी फोन खांदा आणि कानात धरला, खाली वाकले, आणि चाक फिरवून पातं एक सूत खाली घेतलं.