रॉयस्टननं खलास ठरवलेलं शेत

माझा भाऊ रॉयस्टन एखाद्या शेताला 'खलास' म्हणाला, की आमच्या क्लबातलं कुणी त्या शेतात पुन्हा पाय ठेवत नसे. इंग्लंडातल्या आमच्या सफकमध्ये धातू हुडकायचं मशीन घेऊन शेतात जुनी नाणी शोधणारे पैशाला पासरी मिळतील. पण दहा जणांनी आधीच चाळून टाकलेल्या शेतातून नाणं काढून दाखवणारा एकच, आमचा रॉय. कोरं शेत काय, कुणालाही फळतं, असं तो नाक वर करून सांगायचा. "बाकीचे मशीनला फिरायला नेतात गं हेझल. शोधायला मी जातो."

फुशारकी होती, पण खोटी नव्हती. लोक शेतात उभे फिरून गेले असतील तर हा आडवा चालायचा. मशीनची थाळी गवताला घासेल इतकी खाली, आणि चाल अशी की मागून गोगलगायीनं हॉर्न द्यावा. मी तीस वर्षं गावोगावची बस चालवलेली बाई, मला ती चाल बघूनच कापरं भरायचं. लोखंडाचा आवाज मशीनमध्ये घोगरा, गुरगुरल्यासारखा येतो, आणि चांदीचा बारीक, वरच्या पट्टीतला. जुन्या खिळ्यांची गुरगुर ऐकून बाकीचे कंटाळून पुढं जात. हा बसायचा, सगळे खिळे उपसून काढायचा आणि मग त्याच जागेवर पुन्हा थाळी फिरवायचा, कारण चांदी खिळ्याच्या आडोशाला बसते. जे मिळेल ते बशीत घालून घरी एनिडपुढं ठेवायचा. एनिड म्हणजे त्याची बायको. हात पिठाचे असले तरी ते पुसून आधी बशी बघायची.

पण गेली काही वर्षं त्याचा हात आटला होता. बकलं मिळत, शिशाचे गोळे मिळत, एखादं बटण. चांदी नाही म्हणजे नाहीच. एकेक शेत तो खलास ठरवत गेला, आणि त्याचा शब्द म्हणजे क्लबात कोर्टाचा निकाल, त्यामुळं तिथं दुसरंही कुणी जाईना. त्यात मागच्या हिवाळ्यात एनिड गेली. आणि या सप्टेंबरात, रविवारच्या जेवणाला माझ्याकडं आला असताना, बटाटा तोंडात घोळवत म्हणतो कसा, "मशीन विकतोय. क्लबातला नेव्हिल घेतोय. सोमवारी न्यायला येणार आहे."

आमच्या वडिलांनी अशीच एका वर्षी शर्यतीची कबुतरं विकली होती. त्यानंतर खुर्चीत जे बसले, ते पुढच्या ईस्टरपर्यंत खुर्चीतच संपले. रॉय त्यांचंच नाक आणि त्यांचाच हट्ट घेऊन जन्मलाय. मशीन घरातून गेलं की हा माणूस सकाळी कशासाठी उठणार, तुम्हीच सांगा.

"आणि मग दिवसभर काय करणार? भिंती मोजणार?" मी विचारलं.

"शनिवारी शेवटचं एकदा जत्रेच्या तुकड्यात जाऊन येऊ," तो म्हणाला. "माझे गुडघे गेलेत. तू तुझं मशीन आणू नकोस, फावडं आण. मी सांगेन तिथं खणायचं."

जत्रेचा तुकडा म्हणजे गावामागचं उताराचं शेत. कोणे एके काळी तिथं मेंढ्यांची जत्रा भरायची, आणि जिथं बाजार तिथं सांडलेले पैसे. आमचा क्लब तिथं इतक्या वेळा फिरलाय की रॉयनं ते कधीचं खलास ठरवलं होतं. मग शेवटचं म्हणून तेच का, ते मी विचारलं नाही. त्याला मिळालेलं पहिलं नाणं तिथलं होतं आणि तेव्हा एनिड बरोबर होती, हे मला ठाऊक होतं.

शनिवारी कापणी झालेल्या गव्हाच्या खुंटांतून तो कानाला हेडफोन लावून सकाळभर फिरला. एरवी आम्ही एकमेकांपासून चांगले लांब राहतो, नाहीतर मशीनं एकमेकांवर खेकसतात. त्या दिवशी पहिल्यांदा मी फावडं घेऊन त्याच्या मागं मागं. त्याच्या कानात काय वाजतंय ते मला कुठलं कळायला! त्यानं बोट दाखवलं की खणायचं, एवढंच माझं काम. एक बादलीची कडी निघाली आणि दोन खिळे.

दुपारी गाडीची डिकी उघडून तिच्या काठावर चहाला बसलो. सॉसेज रोल होते. त्यानं एक हातात घेतला आणि तसाच धरून बसला.

"हेझल, एनिड माझ्यावर कशावरून चिडली होती गं?"

"कधी?"

"शेवटची दोन-तीन वर्षं. तिनं माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. नुसते ओठ हलवायची. मी 'काय?' म्हटलं, की म्हणायची, जाऊ दे. पुढं पुढं मीही विचारणं सोडलं."

"काहीतरीच काय! एनिड आणि गप्प?"

"तुझ्याशी बोलायची ना. तुम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलात की मला बाहेर ऐकू यायचं." मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे तुझं यायचं. बोलायची तुझ्याशी, माझ्याशी नाही. मी काय केलं होतं, ते तरी सांगून जायचं. आता शोधून करायचं काय? बशी कुणापुढं ठेवू?"

आता कळलं, मशीन का विकायचंय ते. त्याला आणखी चहा ओतावा, म्हणून मी थर्मास घ्यायला मागं सरकले आणि खाली कडकन आवाज झाला. हेडफोनवर बसले होते मी. एक कान इकडं, एक कान तिकडं.

"अगं ए म्हातारे! हेडफोन आहेत ते, बसची सीट नाही!"

"बसायच्या जागी ठेवतं का कुणी? अक्कल कुठं गहाण टाकलीस?"

"सोमवारी नेव्हिलला काय सांगू?"

"सांग, माझी बहीण जाड आहे."

पंधरा मिनिटं भांडलो. खरं सांगते, दोघांनाही बरं वाटलं. मग पुटपुटत त्यानं हेडफोनची वायर उपटली, मशीनचा आवाज बाहेर सोडला आणि उताराच्या खालच्या अंगाला निघाला. मी फावडं खांद्यावर टाकून मागं.

वीसएक पावलं गेलो असू. मशीन गुरगुरलं, थांबलं, पुन्हा गुरगुरलं. खिळे. आणि मग किण्ण! असा स्वच्छ, बारीक आवाज आला की माझ्या अंगावर काटा आला. रॉय मात्र थाळी हलवत आपला पुढं.

"अरे थांब की! हे सोडून कुठं चाललास?"

"काय सोडून?"

"वाजलं ना आत्ता!"

"खिळा होता."

"खिळा नव्हे रे, चांदी! मागं ये. थाळी इथं धर. हां. वाजतंय की नाही?"

त्यानं थाळी फिरवली. किण्ण, किण्ण. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मशीनकडं पाहिलं. "हेझल, आज थट्टा नको."

"मेल्या, थट्टा कसली! बसची घंटा वाजावी तसं वाजतंय!"

त्याचं तोंड उतरलं. मी खणायला लागले. वीतभर खाली ढेकूळ फोडलं, तर त्यात नखाएवढी, पातळ, मधोमध कापलेली चांदीची पेनी. जुन्या काळी सुट्टे नसले की लोक नाणंच अर्धं कापून द्यायचे. अर्ध्या राजाचं अर्धं डोकं, कुरळे केस. रॉयनं चष्मा लावला, तळहातावर घेतली आणि अंगठ्यानं तिच्यावरची माती पुसत राहिला.

त्याचं मशीन जुनं, आकड्यांचा पडदा नसलेलं. पडदा बघून शोधायचं तर घरी टीव्ही बघा, हे त्याचं ठरलेलं वाक्य. सगळी भिस्त कानांवर. मशीनच्या मागं आवाजाची पट्टी खाली-वर करायची एक गोल कळ असते. विकत घेतल्यापासून त्यानं तिला हात लावला नव्हता. मी मशीन त्याच्या हातातून घेतलं, कळ पार खाली फिरवली आणि पेनी जमिनीवर ठेवून थाळी तिच्यावरून नेली. आता तोच आवाज जाड, घुमणारा आला.

"आता?"

त्यानं मान हलवली. आला होता ऐकू. मी कळ हळूहळू वर नेत गेले, प्रत्येक वेळी "आता?" आणि त्याची मान हलत गेली. मग एका जागी मान थांबली. मला तर अजून लख्ख ऐकू येत होतं.

"म्हणजे शेतं नाही खलास झाली," मी म्हटलं. त्याचा चेहरा बघवेना, म्हणून बडबडतच सुटले. "तुझे कान खलास झालेत, गाढवा! अरे, चर्चमागचं शेत, ओढ्याकाठचं, गिरणीजवळचं, सगळी चांदी तू म्हणालास म्हणून जागच्या जागी पडून आहे. तुझ्या शब्दावर कुणी गेलंच नाही तिथं! नेव्हिलला फोन करून सांग, नाही विकत म्हणावं."

"नाही विकत," तो म्हणाला, पण त्याचं ध्यान नव्हतं. पेनी मुठीत घट्ट धरून तो उभा होता. "तुझा आवाज कसा, लोखंडासारखा."

"आभारी आहे."

"एनिडचा बारीक होता."

मग मलाही उलगडा झाला, आणि मी फावड्यावर रेलून उभी राहिले.

"ती बोलत होती का गं?" त्यानं विचारलं. "माझ्याशी?"

"बोलत होती का? अरे बाबा, थांबत कुठं होती! तू खोलीतून निघून गेलास तरी बोलत राहायची. मी म्हणायचे, एनिड, तो कधीच गेला. तर म्हणायची, जाऊ दे गं, येईल परत, माझं वाक्य तर पुरं होऊ दे."

"चिडली नव्हती?"

"छे! हसायची. म्हणायची, हा घरात असला तरी ह्याच्या कानात शेतच असतं."

त्यानं बाहीनं नाक पुसलं. "काय बोलायची?"

"काय म्हणजे? जे बोलतात ते. चिखलाचे बूट बाहेर काढ. कुंपणावर रॉबिन पक्षी आलाय बघ. निळा स्वेटर घाल, त्यात जरा माणसात दिसतोस."

"निळा?"

"निळा. तू तपकिरी घालून यायचास, तर माझ्याकडं बघून डोळे फिरवायची."

"अजून."

गुरुवारी गुरुवारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून ऐकलेलं सगळं मी आठवून आठवून सांगत गेले. गुलाबाला पाणी घालायचं सांगितलेलं. झोपेत घोरतोस ते सांगितलेलं. शेवटच्या आठवड्यात, तो उशी नीट करून गेल्यावर, "किती चांगला आहे रे माझा रॉय," असं त्याच्या पाठीला सांगितलेलं. ते ऐकल्यावर तो शेतातच खाली बसला, गुडघे गेलेले असून. मीही बसले त्याच्या शेजारी. दोघंही रडलो, त्यात लाजायचं काय! सभोवार गव्हाचे खुंट टोचत होते आणि उठावंसं कुणालाच वाटत नव्हतं.

"अजून," तो म्हणाला.

आता माझ्याजवळचं संपत आलं होतं. पण त्याचे डोळे असे आशेनं माझ्याकडं लागलेले. म्हटलं, पदरचं थोडं घातलं तर काय बिघडतंय.

"म्हणायची, हेझलसारखा ॲपल पाय मला जन्मात जमला नाही."

रॉयनं मान वर केली. डोळे लाल होते, पण आत तो जुना आगाऊपणा परत आला होता.

"हे एनिड मेली तरी म्हणणार नाही," तो म्हणाला. "हे तुझं आहे."

"माझंच आहे. तिचं सगळं सांगून झालं, रॉय."

त्यानं जरा विचार केला. मग पेनी दुसऱ्या हातात घेऊन मोकळा हात माझ्या हाताखालून घातला आणि माझ्याजवळ सरकला.

"असू दे," तो म्हणाला. "तरी सांग."