दोन्हीकडचे धक्के सोसणारी दुर्बीण

आधीच सांगून टाकते मित्रांनो, माझ्यातून चंद्र दिसत नाही आणि डोंगरावरचं देऊळही जवळ येत नाही. मी एक जुनी दुर्बीण आहे खरी, पण एअर रायफलच्या पाठीवर बसणारी. माझं काम एवढंच, की नेम धरणाऱ्याला समोरचं कार्ड चौपट मोठं दाखवायचं आणि माझ्या पोटातली बारीक फुली जागची हलू द्यायची नाही. ऐकायला सोपं वाटतं ना? मग या माझ्या जागी आणि बसा एकदा त्या रायफलवर!

माझी नळी एकाच अखंड दांड्यातून कोरलेली आहे, जोड कुठेही नाही. काचा बसवल्यावर आत कोरडा वायू भरून मला बंद केलं, म्हणजे ओल शिरून काच धुरकट होऊ नये. मग एका यंत्राला बांधून मला धक्के दिले. आधी मागून, मग पुढून, पुन्हा मागून, पुन्हा पुढून. माझ्या शेजारच्या दोघींची फुली निसटली, त्यांना बाजूला काढलं. माझी निसटली नाही. माझ्या खोक्यावर 'स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी' असं छापलं, आणि छापलं तेही इतक्या बारीक अक्षरांत की वाचायलाही दुर्बीण लागावी.

मी धुळ्याला आले ती आग्रा रोडवरच्या इंदरचंदशेठच्या खेळसामानाच्या दुकानात. शेठ माणूस गोड, गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. पण वस्तू विकायची त्यांची एक रीत होती. जी लांब, जिच्या फुलीला लाल-हिरवा दिवा, जिच्यावर वाघाचं चित्र, ती काचेच्या कपाटात वर. मी बुटकी आणि जाड, दिवा नाही, चित्र नाही. मला सगळ्यात खालच्या फळीवर टाकलं. वरच्या त्या नटव्या माझ्याकडे बघून नाक मुरडायच्या. शेठचा मुलगा मनन पंखा लावला की पावत्या उडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर ठेवायचा. सहा उन्हाळे मी पावत्या सांभाळल्या! राग यायचा हो, का नाही येणार? पण पडून राहणं म्हणजे संपणं नव्हे, असं मी स्वतःला रोज बजावायचे.

एके दिवशी दुपारी शकीलभाई दुकानात आले. ते यंत्रमागाचे मिस्त्री. माग अडला की सगळ्या मोहल्ल्यातून त्यांनाच बोलावणं. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी तहरीम होती, एकोणीस वर्षांची, आणि तिच्या हातात वाघाच्या चित्राची एक लांब दुर्बीण.

"शेठ, ही तिसरी," शकीलभाई म्हणाले. "आठ दिवसांत आतली फुली डुलायला लागली."

"मिस्त्री, ही तर मोठ्या बंदुकीवर चालते!" शेठ म्हणाले. "एअर रायफल म्हणजे तिच्यापुढे काय? राग मानू नका, पण पोरीचा हात हलत असेल."

तहरीमने मान खाली घातली. ते तिला नवीन नव्हतं. मागच्या वर्षी जळगावला मेहरूणच्या मैदानावर निवडचाचणी झाली होती, तेव्हा तिच्या गोळ्या कार्डभर विखुरल्या होत्या. निवड समितीने तिच्या नावापुढे शेरा लिहिला, 'हात स्थिर नाही'. बस, ते तीन शब्द वर्षभर तिच्या मागे लागले होते. यंदा चाचणी सतरा दिवसांवर होती आणि कुमार गटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. यंदाही तसंच झालं, तर तिला मिळालेली नेमबाजी क्लबची रायफल दुसऱ्याला जाणार होती. पण त्याहून मोठी गोष्ट तिच्या मनात होती. ती तिने शेठसमोर बोलूनच दाखवली.

"माझा हात हलत असेल तर मी सोडेन, शेठजी. पण हलतो की नाही, ते मला कळलं पाहिजे. दुर्बीण धड असेल तरच ते कळेल."

शाब्बास पोरी! मी खालच्या फळीवरून मनातल्या मनात ओरडले.

दुसऱ्या दिवशी ती आबांना घेऊन आली. झुलाल आबा म्हणजे क्लबचे शिकवणारे. मूळचे शिरपूरकडचे, बोलता बोलता अहिराणीत शिरून 'आहे'ला 'शे' आणि 'सगळ्या'ला 'बठ्ठ्या' म्हणणारे, सगळी नोकरी वरणगावच्या आयुध कारखान्यात चाचणी करण्यात गेलेली. त्यांनी चहा घेतला, पण काचेच्या कपाटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"शेठ, मोठी बंदूक मागे ढकलते, एकदाच," आबा म्हणाले. "तुमच्या वरच्या बठ्ठ्या दुर्बिणी त्या एका धक्क्यासाठी बनेल शेत. ही स्प्रिंगची रायफल निराळी शे. आधी मागे मारते आणि लगेच पुढे मारते. पुढच्या धक्क्याची सवय नसली की आतलं सगळं खिळखिळं होतं. दोन्हीकडून मार खाणारी कोणी शे का तुमच्याकडे?"

शेठ गोंधळले. मननने उगीच इकडेतिकडे पाहिलं, मग पावत्यांवरून मला उचलून माझं जुनं खोकं शोधून आणलं. आबांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि खोकं डोळ्यांजवळ नेऊन ती बारीक अक्षरं वाचली.

"अरे, हाई शे ना!" ते म्हणाले. "ठेवलीत कुठे, तर पावत्यांवर?"

शेठ ओशाळले. पण आबा नुसतं खोकं वाचून भुलणारे नव्हते. त्यांनी मला कानाशी धरून हलवलं, आत काही खुळखुळतं का ते ऐकलं. कोमट पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे येतात का ते पाहिलं. मग क्लबच्या मैदानावर नेऊन रायफलवर बसवलं. स्क्रू त्यांनी स्वतः आवळले, चिमटीच्या जोराने, जास्त नाही. शकीलभाई म्हणाले, "आबा, अजून कसू का?" तर म्हणाले, "नको मिस्त्री, नळी चेपेल."

पुढची परीक्षा कठीण होती. तहरीमने एक गोळी मारली. आबांनी माझी नेम सरकवणारी वरची चाकी टिक-टिक मोजत वीस टिचक्या वर फिरवली, एक गोळी. कडेची चाकी वीस टिचक्या उजवीकडे, एक गोळी. मग तेवढ्याच खाली, मग तेवढ्याच डावीकडे. कार्डावर चौकोन उमटला आणि पाचवी गोळी थेट पहिल्याच छिद्रात गेली. निघाले तिथेच परत आले मी! सहा वर्षं पावत्या दाबून बसलेल्या बाईला तेव्हा काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा.

पहिले चार दिवस छान गेले. तहरीम रोज सकाळी साठ गोळ्या मारायची. मग रोज सकाळी घडणारी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती सांगता येईना म्हणून जीव कासावीस झाला.

शकीलभाई मुलीला सकाळी सोडायला यायचे. ती हात-पाय मोकळे करायला मैदानाला फेरी मारायची, तेवढ्यात ते रायफल पुसून तयार ठेवायचे. मिस्त्री माणूस, त्यांची जन्माची सवय अशी की दिवसाचा पहिला माग तेलाचा थेंब दिल्याशिवाय चालू करायचा नाही. खिशातून लांब नळीची कुपी काढायचे, बिस्मिल्ला म्हणायचे आणि गोळी भरायला रायफल मधोमध वाकवल्यावर जे बारीक छिद्र दिसतं, त्यात मागाचं तेल एक थेंब टाकायचे. पोरीला बरकत यावी म्हणून. त्यांच्यासारखा कसबी माणूस दुसरं काय करणार?

पण मित्रांनो, एअर रायफल म्हणजे माग नव्हे. आत स्प्रिंग सुटली की हवा दाबली जाते आणि तापते. त्या तापात तेलाचा थेंब पेट घेतो. मग साधा धक्का राहत नाही, भडका उडतो. पहिल्या गोळ्या फाडकन सुटायच्या, धूर यायचा, आणि मला मागून-पुढून असे रट्टे बसायचे की पोटातली फुली धरून ठेवणारी स्प्रिंग कळवळायची. तीन दुर्बिणी कशाने गेल्या, ते मला तेव्हा कळलं. मी दात आवळून राहिले. त्या पोरीला सगळे खोटं पाडत होते, मी कशी पाडू?

चाचणीला पाच दिवस उरले असताना आबा लवकर आले. पहिली गोळी सुटली तशी त्यांनी नाक वर केलं. रायफलची नळी हुंगली.

"जळकं तेल!" ते म्हणाले. "इथे तेल कोण घालतं?"

तहरीमला काहीच माहीत नव्हतं. शकीलभाईंनी मात्र खिशातली कुपी काढून सरळ दाखवली. "मी घालतो, आबा. रोज. का?"

आबांनी त्यांना समजावून सांगितलं. ते रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. पण शकीलभाई ऐकता ऐकता खाली बसले.

"म्हणजे तिन्ही मीच फोडल्या?" ते म्हणाले. "त्या गेल्या तर गेल्या. पण बेटा, वर्षभर मीसुद्धा मनातून मानलं होतं, की तुझा हात हलतो. तुला बोललो नाही, पण मानलं होतं." त्यांचे डोळे भरून आले. "मी जळगावला येतो. समितीला सांगतो, चूक माझी होती, शेरा पुसा."

तहरीम त्यांच्याजवळ बसली. "अब्बू, तुम्ही काही सांगू नका. तुमच्या सांगण्याने शेरा पुसला, तर माझ्या मनातला पुसला जाईल का? मी मारून दाखवते."

रायफल साफ झाली. धक्के पुन्हा शहाण्यासारखे बसायला लागले. आबांनी मला तपासलं, चौकोनाची परीक्षा पुन्हा घेतली आणि "चालेल" म्हणाले. माझी आतली स्प्रिंग थकली होती, ते बाहेरून कुणाला दिसणार? नवी दुर्बीण आणून तिची सवय करायला दिवस नव्हते. मी ठरवलं, चाळीस गोळ्या. चाळीस गोळ्या मी उभी राहणार, मग काय व्हायचं ते होवो.

मेहरूणच्या मैदानावर त्या दिवशी ऊन असं होतं की बाकावर हात टेकवत नव्हता. चाचणी अशी, आठ कार्डं, प्रत्येकावर पाच गोळ्या. पाच झाल्या की दोरीने कार्ड जवळ ओढून घ्यायचं आणि नवं लावायचं. संघात तिघांना जागा. मागे खुर्च्यांवर समितीची माणसं, त्यांच्यापलीकडे आबा आणि शकीलभाई. मध्ये कुणी कुणाशी बोलायचं नाही.

पाच कार्डं झाली, पाचही झकास. फलकावर तहरीम दुसरी होती. पण पाचव्या कार्डाची शेवटची गोळी सुटली, तेव्हाच माझ्या पोटात काहीतरी कट् झालं होतं. फुली केसभर सरकली. तेवढ्यावर मी तिला पकडलं. आता इथून पुढे हलायचं नाही! खिळखिळी झालीस तरी हलायचं नाही! तहरीमला काही कळलं नव्हतं. तिने सहाव्या कार्डावर पाच गोळ्या मारल्या आणि कार्ड ओढलं.

मधला काळा ठिपका कोरा होता. पाचही गोळ्या डावीकडे खाली.

मागे कुजबूज झाली. "पुन्हा तेच," समितीतलं कुणीतरी म्हणालं. शकीलभाईंनी तोंडावर हात ठेवला. फलकावर तिचं नाव दुसऱ्यावरून सातव्यावर गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तहरीम कार्डाकडे बघत राहिली. मग तिने आपल्या अंगठ्याचं नख त्या पाच छिद्रांवर ठेवलं. पाचही झाकली गेली. एकमेकींना चिकटलेल्या पाच गोळ्या! ज्याचा हात हलतो त्याच्या गोळ्या विखुरतात. एका नखाखाली पाच गोळ्या बसवायच्या, तर हात दगडासारखा लागतो. चुकले होते मी, ती चुकली नव्हती. आणि वर्षभर जे तिला कुणी सांगू शकलं नव्हतं, ते त्या सगळ्यात वाईट कार्डाने सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. समितीची माणसं चक्रावली असतील, पोरगी सातव्यावर घसरूनही हसते कशी म्हणून.

माझ्या चाकीला तिने हात लावला नाही. जखमी दुर्बीण फिरवली तर उरलेलीही सुटेल, हे ती जाणून होती. सातवं कार्ड लावलं, गोळ्या जेवढ्या चुकल्या होत्या तेवढाच नेम उजवीकडे वर धरला, म्हणजे ठिपका सोडून चक्क कोऱ्या कागदावर, आणि श्वास रोखला. मीही रोखला. दहा गोळ्या उरल्या होत्या. दहापैकी नऊ ठिपक्याच्या मधोमध गेल्या, एक कडेला.

ती तिसरी आली. संघात तिघांनाच जागा होती, म्हणजे तिची निवड झाली!

आबांनी ते सहावं कार्ड समितीच्या टेबलावर ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "याच्यावर अंगठा ठेवून बघा." एकेकाने ठेवून पाहिला. मग त्यातल्या सगळ्यात वयस्कर गृहस्थांनी वही मागवली आणि मागच्या वर्षीचा शेरा स्वतःच्या हाताने खोडला. शकीलभाई तेव्हा रडत होते आणि लपवतही नव्हते.

त्यानंतर आबांनी मला कानाशी धरून हलवलं, तर मी खुळखुळले. माझं काम संपलं. इंदरचंदशेठनी माझ्याच जातीची नवी दुर्बीण मागवून दिली. तहरीमच्या घरी भिंतीवर एक कार्ड लावलं आहे. पन्नासपैकी पन्नास गुणांचंही होतं तिच्याकडे, पण ते नाही लावलं, सहावं लावलं. मी त्याच्याखालच्या फळीवर असते. रोज कुणीतरी मला पुसतं.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारखी दुर्बीण घ्यायची झाली, तर लांबी, दिवे आणि चित्रं बघू नका. तिला कुठले धक्के सोसायचे आहेत ते आधी विचारा, आणि घेतल्यावर तिला नको ते तेल पाजू नका. आणि एखाद्याचा नेम चुकला, तर आधी आम्हाला तपासा, रायफल तपासा, स्क्रू तपासा. पोराच्या हाताला दोष द्यायचाच असेल, तर तो सगळ्यात शेवटी द्या.