तुमचं काय ठरलंय?

"मीसुद्धा घर सोडणार आहे," ठकीची आई म्हणाली.

ठकीचे वडील कवळीवाले हसले. समोरचं माणूस गमतीनं काही बोललं की आपण हसावं, म्हणजे बोलणाऱ्याचा मान राहतो, अशी त्यांची साधी समजूत होती. पण खोलीत दुसरं कुणीच हसलं नाही. त्यांचं हसू एकटंच थोडा वेळ रेंगाळलं आणि कुठं जावं ते न कळून ओठांवरच वाळून गेलं.

खोली शाळेतल्या मार्गदर्शनाच्या बाईंची होती. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी आईवडलांना घेऊन यायचं आणि शाळा संपल्यावर पुढं काय, ते बाईंसमोर बसून ठरवायचं, असा तिथला शिरस्ता. ठकीचं सगळं छान जमत आलं होतं. तिला जमीन मोजण्याचं, नकाशे काढण्याचं शिकायचं होतं. दुसऱ्या शहरातलं कॉलेज होतं, होस्टेल होतं, मार्कही पुरेसे होते. बाई खूश होत्या. बैठक संपवता संपवता त्यांनी, सगळ्याच पालकांना विचारत तसं, विचारलं होतं, "आता घरात तुम्ही दोघंच. मग, तुमचं काय ठरलंय?" त्यावर आईवडील "आता जरा झोप काढू" असं काहीतरी म्हणत आणि सगळे हसतहसत उठत.

"म्हणजे, कुठं फिरायला वगैरे?" बाईंनी जपून विचारलं.

"नाही, राहायलाच. मला नोकरी लागलीय. शाळेची बस चालवायची. राहायला खोली देणार आहेत." ठकीची आई हे सगळं बाईंना सांगत होती. नवऱ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. "ठकीचं मार्गी लागेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं मी."

कवळीवाल्यांची दातखीळ बसली. बस? ही? हिला साधी सायकल तरी येते का, हेही त्यांना नक्की सांगता आलं नसतं. त्यांनी घाईनं लेकीकडे पाहिलं. पोर हबकली असेल, रडू फुटेल तिला, आधी तिला सावरलं पाहिजे. पण ठकी हबकली नव्हती. ती मान खाली घालून टेबलाच्या कडेचा सुटलेला पापुद्रा नखानं खरवडत होती.

तिला माहीत होतं.

बायकोचं बोलणं अजून कानांच्या बाहेरच घुटमळत होतं. लेकीची ती खाली घातलेली मान मात्र थेट काळजात घुसली. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला. तो नक्की कुणासाठी आहे ते कुणालाच कळलं नाही, आणि तो तसाच टेबलावर राहिला.

कवळीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. दातांच्या डॉक्टरांच्या गल्लीमागं एका लांबट खोलीत ते कवळ्या बनवत. मेणात एकेक दात बसवायचा, वरची-खालची ओळ जुळवून पाहायची, म्हाताऱ्या हिरड्यांना कुठं टोचेल ते बोटानं चाचपायचं. हात सोन्याचा. त्यांच्याबरोबर काम करणारा पॉलिशवाला म्हणायचा, "गावाच्या तोंडात दात घालतो, पण स्वतःचं तोंड काही उघडत नाही." त्यावरही कवळीवाले हसत. माणूस नाकासमोर चालणारा. व्यसन नाही, हात उगारणं नाही, आवाज चढवणं नाही. शेजारच्या घरातली आदळआपट भिंतीतून ऐकू आली की ते मनात म्हणत, आपल्याकडे कसं, सगळं शांत. ती शांतता म्हणजेच सुख, असं धरून ते इतकी वर्षं गाढ झोपले होते.

तिघं घरी आली. ठकी सरळ आपल्या खोलीत गेली. ठकीच्या आईनं चपला काढल्या, जागेवर ठेवल्या, नवऱ्याच्याही सरळ केल्या. तिचं हे नेहमीचं करणं पाहून कवळीवाल्यांना क्षणभर वाटलं, आपल्याच कानांनी काहीतरी घोटाळा केला असावा.

"कुणी आहे का?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही हो. कुणी असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं."

"मग माझं चुकलं तरी काय? मी कधी तुला..."

"काही केलं नाहीत तुम्ही. तेच तर." ती खुर्चीवर बसली. "बस चालवायला मी कधी शिकले, तेवढं तरी विचारा."

"कधी?"

"दोन वर्षं झाली. दुपारची जात होते. मैत्रिणीचा भाऊ शिकवतो. एकदा बसच्या दारातून उतरताना पडले, हे कोपर सोलवटून निघालं. चांगली पांढरी पट्टी बांधून आठवडाभर तुम्हाला वाढत होते. तुम्ही जेवलात, आज छान झालंय म्हणालात, आणि उठलात."

कवळीवाल्यांना ती पट्टी आठवली. पाहिली होती त्यांनी. "मला वाटलं, स्वयंपाकघरात कुठं लागलं असेल."

"वाटलं ना? मग विचारलं का नाहीत?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाची समजूत काढता येते. ती नुसती दमल्यासारखी बोलत होती. "आज तिथं सांगायचं असं काही मी ठरवलं नव्हतं. पण बाईंनी विचारलं, तुमचं काय ठरलंय. आजवर मला कुणी विचारलंच नव्हतं हो. मग नाही राहवलं."

दुसऱ्या दिवशी कवळीवाल्यांनी एक अख्खी कवळी उलटसुलट बसवली. डावे दात उजवीकडे, उजवे डावीकडे. त्यांच्या हातून असं काही उमेदवारीतसुद्धा झालं नव्हतं. पॉलिशवाल्यानं ती उचलून पाहिली आणि मशीन बंद केलं. "काय झालं?" त्यानं विचारलं, आणि कवळीवाल्यांनी सांगून टाकलं. स्वतःचं काही दुसऱ्याला सांगण्याची त्यांची बहुधा ती पहिलीच वेळ.

त्याच आठवड्यात ठकीनं जाहीर केलं, "मी कुठं जाणार नाहीये. इथल्याच कॉलेजात जे मिळेल ते घेते."

"अगं, इथं जमीनमोजणी कुठं आहे?" आई म्हणाली.

"नसू दे. बाबांना साधा गॅस पेटवता येत नाही. तू जाणार, मी जाणार, मग ते काय करतील?" ती बापाकडे वळली आणि तिचा चेहरा एकदम लहानपणीसारखा वेडावाकडा झाला. "बाबा, तुम्ही ओरडा तरी ना! मला वाटलं होतं तुम्ही ओरडाल. तुम्ही नुसते बसून राहता, त्याची मला भीती वाटते."

आईचे खांदे उतरले ते कवळीवाल्यांना दिसले. ठकी गेली नाही तर ही पण जाणार नाही, हे त्यांना उमगलं.

पॉलिशवाल्याला हे कळलं तेव्हा तो टेबलावर थाप मारून म्हणाला, "झालं की तुझं काम! आता फक्त गप्प बस. त्यात तर तू पटाईत आहेस. तोंड पाडून बसायचं, चार घास कमी खायचे. दोघी घराबाहेर पाऊल टाकणार नाहीत."

कवळीवाल्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. सल्ला वाईट होता म्हणून नाही. दोन दिवस ते नेमकं तेच करत होते, आणि आपण ते करतोय हे त्यांना आत्ता कळलं, म्हणून.

जेवणाच्या सुट्टीत ते तसेच उठून शाळेत गेले. हातांवर प्लास्टरची पूड, बाहीवर मेण. त्यांना दारात पाहून बाईंचा चेहरा उतरला. "बसा. मला रोज वाटतंय तुम्हाला फोन करावा. मी तो प्रश्न विचारायलाच नको होता. इतकी वर्षं विचारतेय. त्याला कुणी खरं उत्तर देईल, असं कधी मनातही आलं नव्हतं."

"विचारलंत ते बरं केलंत. नाहीतर मला रिकाम्या घरात शिरल्यावर कळलं असतं." कवळीवाले खुर्चीच्या टोकावर बसले. "बाई, शाळा संपल्यावर पुढं काय करायचं, ते तुम्ही पोरांना सांगता. मला सांगा. पोरगी गेली पाहिजे. मी काय करू?"

बाईंनी आपली खुर्ची पुढं ओढली. मग त्यांनी मुलांना विचारतात तसंच विचारलं, "तुम्हाला काय काय येतं?"

"कवळ्या."

"आणि?"

कवळीवाल्यांनी खूप विचार केला. पन्नाशीला आलेला माणूस, पण "आणि"च्या पुढं त्यांना काही सापडेना. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, आणि मग लाज वाटली.

"मग तिथूनच सुरू करू," बाई म्हणाल्या. "तुमचं बरं चाललंय, असं ठकीला तोंडानं सांगू नका. तिला ते दिसलं पाहिजे. आणि घरात शिकवणारी आहे, तोवर तिलाच विचारा."

त्या संध्याकाळी कवळीवाले स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "बटाटा उकडला की नाही, हे कळतं कसं?"

ठकीच्या आईच्या हातातला चमचा खाली पडला. तिनं वळून पाहिलं, थट्टा आहे का ते चाचपलं, आणि म्हणाली, "सुरी घालून बघायची."

मग प्रश्नांची रांगच लागली. मीठ केव्हा घालायचं? पांढरे कपडे वेगळे का धुवायचे? बोटं भाजली, एक पातेलं कायमचं कामातून गेलं, ठकीचा पांढरा शर्ट गुलाबी झाला आणि तिघंही पोट धरून हसली. हळूहळू प्रश्न स्वयंपाकघराबाहेर पडले. बस चालवताना भीती नाही वाटत? सगळ्यात अवघड काय? "वळण," ती म्हणाली. "मागची चाकं कुठून येतील ते आपल्याला दिसत नाही. अंदाजानं घ्यावं लागतं." ती बोलू लागली की तिचे हात हवेत स्टिअरिंग फिरवत. कवळीवाले आ वासून बघत राहत. इतकी वर्षं एका छपराखाली राहिलेल्या बाईचे हे हात त्यांनी पाहिलेच नव्हते.

ठकीनं दोन महिने सगळं बारकाईनं पाहिलं. एका रविवारी बापानं एकट्यानं केलेलं जेवण ती जेवली, आणि ताट ठेवताना म्हणाली, "बाई विचारत होत्या. जाते म्हणून सांगू का त्यांना?"

"सांग," कवळीवाले म्हणाले. "उद्याच सांग."

ठकीला होस्टेलवर पोचवून दोघं परत आली. त्या प्रवासात कवळीवाल्यांच्या मनात एक आशा बसली होती, आणि त्यांनी ती स्वतःपासूनही लपवली होती. आता आपण इतकं बोलतो. आता ही कशाला जाईल? घरी आल्यावर तिनं पलंगाखालून बॅग ओढली. पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय, ते त्यांना दुसऱ्यांदा कळलं.

"मला वाटलं..." ते म्हणाले, आणि थांबले. मग त्यांनी विचारलं, "जातेसच का?"

ती बॅगेजवळ बसली होती. तिचे डोळे भरून आले. "हे दोन महिने फार चांगले गेले. खोटं नाही सांगत. पण भूक मेल्यावर ताट आलं हो."

कवळीवाले तिच्यासमोर खाली बसले. त्यांनी बॅगेचं दुसरं टोक धरलं, कारण तिला ती एकटीला बंद होत नव्हती.

हिवाळ्यात ठकीला भेटून परतताना त्यांना वाटेत ठकीची आई राहायला गेलेलं गाव लागणार होतं. त्यांनी आदल्या दिवशी फोन केला. "आलो तर चालेल?"

"या की," ती म्हणाली. "शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी थांबा. शेवटच्या थांब्यावर स्टेशन आहे, सोडते तुम्हाला."

पिवळी बस फाटकाशी उभी होती. मुलांचा लोंढा आला, आणि आतून हसणं ऐकू आलं. मोठं, मोकळं, घशाच्या तळातून आलेलं. कोण हसतंय म्हणून कवळीवाल्यांनी पाहिलं, आणि ते जागच्या जागी थबकले. हे हसू त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं. केस कापलेली, जाड कोट घातलेली ती बाई एका पोराच्या डोक्यावर टपली मारून "मागं सरक रे, ढोल्या!" असं ओरडत होती.

"चढा," तिनं त्यांना पाहून म्हटलं. "थंडी आहे. ठकी कशी आहे?"

"बरी आहे. तुझ्यासाठी मोजे दिलेत तिनं."

ते पुढच्या आखूड सीटवर गुडघे दुमडून बसले. बस निघाली. चौकातल्या वळणावर तिनं मोठं चाक संथपणे, एकदाही न अडखळता फिरवलं. शेजारी बसलेली छोटी मुलगी मघापासून त्यांना न्याहाळत होती.

"तुम्ही बसवाल्या ताईंचे कोण?" तिनं विचारलं.

चालकाच्या डोक्यावरच्या आरशात दोन डोळे वर उचलले गेले आणि थांबले.

कवळीवाल्यांनी आरशाकडे पाहिलं, मग मुलीकडे. "मी दात बनवतो," ते म्हणाले.

मुलीनं लगेच मोठा आ केला आणि पुढच्या दाताच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "मग मला हा करून द्या."

कवळीवाले खाली वाकले. तिची हनुवटी दोन बोटांनी हलकेच उचलून त्यांनी ती जागा उजेडात नीट पाहिली.

"ह्याला मी नको," ते म्हणाले. "हा तुझा तुलाच येईल."

आरशातले डोळे पुन्हा रस्त्याकडे वळले.