डावा तळहात

लुगड्याच्या काठाची चिंधी, गाठीसकट.

पाटीवर कमळाचा क. अर्धा पुसलेला.

पाटीच्या पाठीमागं अलिफ, बे, पे. तिन्ही स्वच्छ.

भाकरीचं फडकं उंबऱ्यातच ठेवून आत आलेली आई.

"कुणी सोडला हात?" रुद्रम्मानं विचारलं.

शिवगंगा लिहिता लिहिता थांबली. रोज सकाळी आई तिचा डावा हात कमरेला बांधून धाडायची आणि नळदुर्गच्या शाळेत विरुपाक्ष मास्तर तो सोडायचे. आज आई मधेच आली होती.

"म्या सोडला," मास्तर म्हणाले. "उजव्यानं नुस्ते कोंबडीचे पाय उमटतेत."

"उमटू द्या. डावरी पोर कोण करून घेतंय? उजव्यानं जमत नसंल तर उद्यापासनं शाळा बंद." तिनं चिंधी उचलून पोरीचा हात पुन्हा बांधला. "आन् डाव्यानं तरी काय लिहिती? सारं पुसूनच टाकती की."

मास्तरांनी पाटी उलटी करून दाखवली.

"ही उर्दू बघा. ह्याच हाताची हाय. उर्दूची ओळ उजवीकडनं निघती, म्हणून हात अक्षरावरनं जात न्हाय. मराठीला पाटी जरा तिरकी धरायची, मूठ ओळीच्या खाली ठेवायची. एवढंच."

"तो हात कशाला आसतो, ठावं न्हाय व्हय तुम्हाला? घाण हाय तो."

शिवगंगेनं मान वर केली. गळ्यातलं लिंग उजव्या हातानं चाचपलं.

"मग पूजेला लिंग त्याच हातावर का ठेवायला लावती, अव्वा?"

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. रुद्रम्मानं पदर सारखा केला, पुन्हा केला. मग गुडघे टेकून पोरीच्या मागं बसली. गाठ घट्ट बसली होती, निघेना. शेवटी दातानं सोडली. मनगटावर उठलेला वळ ती अंगठ्यानं चोळत राहिली.

"हितं लिही," ती हळूच म्हणाली. "घरी आजीपुढं न्हाय."

मास्तरांनी पाटी तिरकी केली. शिवगंगेनं जीभ दातात धरून क काढला, शेजारी म, मग ळ. हात ओळीखालून सरकत गेला. तिन्ही अक्षरं जागेवर राहिली.

"बघ की, अव्वा."

रुद्रम्मा बघतच होती.

माहेरी असताना ती डावरी होती.