पाहुण्यांपुढं बांधलेली माशी

शहाण्णव सालची गोष्ट. दादासोनं सकाळीच लेकीला, प्रतिक्षाला, दम भरला होता. "पाव्हण्यांनी इचारलं तर शिवण शिकती म्हन. माशीचं नावसुदिक काढायचं न्हाय." स्थळ इंदापूरचं, मुलगा नोकरदार. हे हुकलं तर सांगवीत लोक नावं ठेवणार, ही त्याला धास्ती.

प्रतिक्षा बारामतीच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये कामाला होती. अमेरिकेतल्या हौशी लोकांना मासे धरायला खोट्या माश्या लागतात, त्या ह्या शेडमधल्या पोरी गळावर बांधायच्या. निम्मं काम ती घरी आणून करायची, तेव्हा दादासो रानात असायचा. गावात मात्र आवई उठली होती, की ह्या कामानं पोरींचे डोळे जातात.

आवई इंदापूरला पोचलीच. पोह्यांची बशी हातात घेता घेता मुलाच्या आत्यानं, गोजरबाईनं, पिशवीतनं सुई-दोरा काढला. "पोरी, एवढं ओवून दाव."

"सुईचं काय घिऊन बसलाय, आत्या? थांबा," असं म्हणून प्रतिक्षा आत गेली ती गळ धरायचा लोखंडी चिमटा आणि पिसं-लोकरीचा डबा घेऊनच आली. आली का पंचाईत! दादासोनं डोळे वटारले, पण पोर बघतीय कशाला!

पाटाच्या कडेला चिमटा आवळला, त्यात गळ धरला, काळा दोरा फिरवला. मागं नारिंगी पिसाचं शेपूट, मग काळ्या लोकरीचं अंग, त्यावर चांदीच्या जरीचे वेढे. पुढं पीस गुंडाळलं आणि पाठीवर पांढऱ्या केसांचे पंख बसवले. शेवटची गाठ अशी मारली, की ती कुठं गेली कुणाला कळलं नाही.

"हिला स्टीलहेड मासा लागतो," ती म्हणाली. "समुद्रातनं नदीत वर चढनारा, लई भांडखोर. ही सोपी माशी हाय. नव्या पोरींना मीच शिकवती."

दादासो बघतच राहिला. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं; लोकर त्यानं जन्मभर हाताळलेली. पण असं काम त्यानं कुणाच्या हातून बघितलं नव्हतं.

गोजरबाईनं माशी तळहातावर घेतली. "डोळं घारीचं हायती गं बया! पोरगी पसंत. फकस्त लग्न झाल्यावं हे बंद करायचं."

प्रतिक्षाचा चेहरा उतरला. तो बघितला आणि दादासो ताडकन उठला. "बाई, पोरगी कामासकट हाय! कामाबिगर पायजे आसंल तर पोहे खावा आन् रामराम घ्या!"

दाराआड उभ्या छबूबाईनं, प्रतिक्षाच्या आईनं, तोंडाला पदर लावला. गेलं स्थळ!

इतका वेळ मुलगा, रविराज, पोह्यातले शेंगदाणे वेचत बसला होता. त्यानं मान वर केली. "ह्या कामाला उजेड कुठल्या अंगाला लागतो?"

"डाव्या," प्रतिक्षा म्हणाली.

"मग आमच्या माडीवरल्या खिडकीपाशी टेबल लावू."

"आरं, आजून सुपारी फुटली न्हाय, आन् ह्यो टेबल मांडाया लागला!" गोजरबाईनं कपाळावर हात मारला, पण हसू तिलाही आवरेना.

दादासोनं गोजरबाईच्या हातातली माशी अलगद उचलली आणि तसाच ओट्यावर जाऊन साऱ्या आळीला हाळी दिली, "या रं, या! बघा माझ्या लेकीनं काय बांधलंय!"