उजेडाचे वाळे

"दिंडोरीपर्यंत पोरी. दिंडोरीच्या पुढं अंधार, म्हणून पुढं पोरं." एवढं बोलून आबांनी चहाची बशी तोंडाला लावली. बशी तोंडाला लागली की आमच्या घरात विषय संपतो.

पण माझी नणंद तेजू उंबऱ्यातून हलली नाही. "म्हणजे ऊन आमचं आणि आरती त्यांची! वा रे वा!"

सप्तशृंगगडावर ज्योत पेटवायची, नांदुरीचा घाट उतरायचा आणि वणी, दिंडोरी करत हातोहात पळवत ती घटस्थापनेसाठी म्हसरूळला आणायची, हे आमच्या गल्लीतल्या मंडळाचं जुनं काम. आजवर फक्त पोरं धावली. यंदा पहिल्यांदाच तेजू आणि तिच्या मैत्रिणींनी ज्योत मागितली, आणि माझे सासरे नाथाआबा, मंडळात सगळ्यात जुने, अर्धं हो म्हणाले.

"आबा, आम्हाला काय अंधारात दिसत नाही का?"

"तुम्हाला दिसतं गं. गाडीवाल्याला तुम्ही नाय दिसत." आबांनी बशी खाली ठेवली. "त्या वर्षी प्रफुल्लला गाडीनं उडवलं तवा मी मागच्याच पिकअपमध्ये होतो. मला ज्योत दिसत होती. प्रफुल्ल नाय दिसला. बघणारा ज्योतीकडं बघतो, तेजे. तिच्या बाजूला पळणारा त्याच्या लेखी नसतोच. त्यात आमुशाची रात."

मंडळातल्या त्या प्रफुल्लच्या डाव्या पायात तेव्हापासून स्टीलची पट्टी आहे. मी आत रुद्रला पाजत होते, तिथूनच विचारलं, "आबा, आणि दिसल्या तर?"

"माझ्या डोळ्याला गाडीतून दिसल्या, तर पळा पार वेशीपर्यंत. मी कशाला आडवा येतो?"

तेजूनं दारातून माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. रुद्रनं दूध सोडून दोघींकडे बघितलं.

माझा नवरा महेश सातपूरच्या कंपनीत कामाला जातो. त्याच्या कंपनीच्या जॅकेटवर चमकणाऱ्या पट्ट्या असतात. दुसऱ्याच दिवशी त्यानं तिकडच्या दुकानातून तसल्या पट्टीचं बंडल आणून दिलं. मी घरी ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते, तेव्हा शिवायचं काही कठीण नव्हतं. कठीण होता तो वेळ. रुद्र सव्वा वर्षाचा. मशीनचा आवाज आला की तो जागा होतो आणि थेट चाकात बोटं घालायला येतो. म्हणून तो झोपला की मी पाय न वापरता हातानं चाक फिरवायचे. एक टाका, एक टाका. भगव्या सदऱ्यांच्या पाठीवर पट्टी, बाह्यांवर पट्टी. तो कुशीवर वळला की श्वास धरून थांबायचं. परत एक टाका.

सासूबाई, कुसाबाई त्यांचं नाव, मी त्यांना आई म्हणते, शेजारी वाती वळत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "पाठीला काय लावती? पाठ हलत नाय. रुद्र रांगत असताना तुझी नजर कुठं जाते?"

"त्याच्या वाळ्यांकडे."

"मग? पायाला लाव. हलतं तिकडं डोळा जातो."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग पट्टी दोन बोटं रुंद कापली, खाली कापड लावलं, टोकांना वेलक्रो. पोरी अनवाणी धावणार, घोट्यावर नुसतं गुंडाळायचं की झालं. तेजूनं त्यांचं नाव ठेवलं वाळे. प्रत्येकीचे दोन.

एक जोडी मी जादा शिवली. का, ते मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

आणि मग आमची फजिती झाली. संध्याकाळी तेजूला सदरा, वाळे घालून गल्लीच्या टोकाला उभं केलं. आबा ओट्यावर. आईंनी तेजूच्या शेजारी उभं राहून मोबाइलची बॅटरी तिच्यावर मारली.

काही नाही. राखाडी ती राखाडीच.

"हलवा जरा!" मी ओरडले. आईंनी बॅटरी हलवली, तेजूनं पाय हलवले. गल्लीतली पोरं हसायला लागली.

"भांडी घासायच्या राखेच्या पट्ट्या हायत ह्या," आबा म्हणाले. चिडून नाही म्हणाले, उलट हळू म्हणाले, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "सूनबाई, मेहनत लय केली. पण दिंडोरीत ज्योत पोरांकडं."

तेजूनं आत येऊन वाळे काढून फेकले. रुद्रला वाटलं खेळणं आलं. त्यानं सगळे गोळा केले, त्यांच्यावरच लोळला आणि तिथंच झोपी गेला. आईंनी गमतीनं एक वाळा त्याच्या पोटरीला बांधला. "बघ, ह्याला तरी शोभतो."

शोभत होता खरा. महेश सेकंड शिफ्टला होता. त्याला पाठवायला म्हणून मी दिवा न लावता, लेकरू उठू नये म्हणून, तसाच फोटो काढला. फ्लॅश पडला.

फोटोत माझं बाळ अंधुक, पांघरूण अंधुक, आणि मधोमध पांढरा जाळ! एक त्याच्या पायावर, बाकीचे त्याच्या पोटाखालून, पाठीखालून निघालेले. चांदण्यांवर झोपवल्यासारखं.

"अगं बाई! हा काय निखारा!" आई ओरडल्या. रुद्र उठला. तेजू धावत आली. मी आणखी एक फोटो काढला. परत जाळ! तिसरा काढला. रुद्रनं भोकाड पसरलं. मी त्याला खांद्यावर टाकलं आणि घरभर फिरत सुटले, माझं डोकं त्याच्यापेक्षा जोरात ओरडत होतं. मोबाइलचा दिवा आणि मोबाइलचा डोळा शेजारी शेजारी! मी बॅटरी लावून माझ्या कानशिलाला टेकवली आणि तेजूच्या हातातल्या वाळ्याकडे बघितलं.

"तेजू! पेटलाय!"

"कुठं? मला तर राखाडीच दिसतोय."

"तुला नाही दिसणार! ज्याच्याकडे उजेड, त्यालाच दिसतो!" आम्ही आळीपाळीनं बॅटरी कानाला लावून बघितलं, फोन आल्यासारखं. आईंनी तर तीनदा. रुद्र रडायचं विसरला. तो कुठल्याही उजेडाला, ट्यूबलाइट असो की चांदोबा, दिब्बा म्हणतो. बॅटरी माझ्या कानाशी, तो माझ्या खांद्यावर. त्यानं वाळ्याकडे बोट केलं. "दिब्बा!"

तेजू आबांना बोलवायला निघाली. आईंनी तिचा हात धरला. "थांब. आता दावलं तर म्हातारा म्हणंल, घरातलं नाटक हाय. गाडीतून म्हणालाय ना? मग गाडीतूनच बघू दे."

आणि आम्ही थांबलो. कशा थांबलो ते आम्हालाच ठाऊक.

अमावास्येला दुपारी गडावर ज्योत पेटली. ढोल, गुलाल, "अंबा माते की जय!" आणि पोरी सुटल्या. त्यांच्या मागं हारुनभाईंची पिकअप. एरवी ती मार्केट यार्डात भाजी नेते आणि दरवर्षी ज्योतीच्या मागं चालते. पुढं तिघं: चाक धरलेले हारुनभाई, मधे मी मांडीवर रुद्रला घेऊन, खिडकीशी आबा. मागं तेलाचा डबा, पाणी आणि दमलेल्या पोरी. हारुनभाईंची लेक अफरीन नुसती पाणी द्यायला आली होती, पण वणीपर्यंत तीही पोरींच्या बरोबरीनं पळत सुटली होती. हारुनभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "घ्या! आमचीपण गेली!"

दिंडोरीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चौकात प्रफुल्ल आणि पोरं कमरेला उपरणं बांधून तयार. रस्त्यावरच्या दिव्याखाली पोरींचे वाळे राखाडीच दिसत होते.

"काय तेजस्विनीबाई," प्रफुल्ल हसला, "पायाला बँडेज? दमलात वाटतं. आणा इकडं." त्यानं ज्योतीसाठी हात पुढे केला.

तेजू पिकअपच्या खिडकीशी आली. चेहरा काजळीनं काळा, त्यात दात तेवढे पांढरे. "आबा, तुम्ही म्हणाला होता, गाडीतून दिसल्या तर. गाव संपेपर्यंत थांबा. पुढच्या पुलापर्यंत बघा. नाही दिसलो तर मी माझ्या हातानं ज्योत प्रफुल्लला देईन."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी रुद्रचं टोपरं नीट करत बसले. ते आधीच नीट होतं.

"पुलापर्यंत," आबा म्हणाले.

गाव संपलं. शेवटचं दुकान, शेवटचा दिवा, आणि मग द्राक्षबागांचा काळोख. पोरी बऱ्याच पुढं गेल्या होत्या. ज्योत तेवढी दिसत होती, एक लाल ठिपका, वर-खाली होणारा.

"बघितलं?" आबा पुटपुटले. "ज्योत हाय. पोरी कुठं हायत?"

हारुनभाईंनी वळण घेतलं, गाडी सरळ केली, आणि हेडलाइट रस्त्याला लागला.

पाय!

पांढरे, पेटलेले, उड्या मारणारे पाय. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. वर पाठींवरच्या पट्ट्या, बाजूला झुलणाऱ्या बाह्या. ज्योतीच्या डावीकडं, उजवीकडं, मागं, एकेक पोरगी वेगळी मोजता यावी अशी.

"या अल्ला," हारुनभाई म्हणाले. रुद्र माझ्या मांडीवर उभा राहिला. "दिब्बा! दिब्बा! दिब्बा!"

आबा पुढं काचेकडे झुकले. पूल जवळ आला. मग म्हणाले, "हारुन, गाडी थांबव. बत्ती बंद कर."

बंद. नुसती ज्योत.

"चालू कर."

पाय!

"बंद कर. ...चालू कर."

"आबा," हारुनभाई म्हणाले, "तुमच्या खेळात माझी बॅटरी उतरेल."

"चालू कर म्हणतो ना!"

पुढून तेजू ओरडली, "वहिनीऽ, मागं काय चाललंय? दिसतोय का नाही आम्ही?"

तेवढ्यात समोरून ट्रक आला. मी रुद्रला घट्ट धरलं. ट्रकनं लांबूनच अप्परचा झोत खाली केला, वेग टाकला आणि पार पलीकडच्या कडेनं, हळू, अदबीनं, देवाच्या पालखीला वाट द्यावी तसा निघून गेला. आबा मान वळवून त्याच्या मागच्या दिव्यांकडे बघत राहिले.

"त्याला लांबूनच दिसल्या," ते म्हणाले. मग आवाज घसरला. "प्रफुल्लच्या वक्ताला हे असतं तर..."

प्रफुल्लची मोटारसायकल खिडकीशी येऊन थांबली. "आबा, पूल आला. ज्योत घ्यायची ना?"

"कुणाकडून?" आबा कडाडले. "पोरी दमल्यात का? मला तर पळताना दिसत्यात!"

प्रफुल्लनं पुढं बघितलं. त्याच्याही गाडीचा दिवा रस्त्यावर होता. उजेडामागून बघणाराही तोच होता. बराच वेळ बघितलं त्यानं. हसला नाही.

"वहिनी," तो मला म्हणाला, "एखादी जादा हाय का?"

पर्समध्ये लंगोट, बिस्किटं आणि तळाशी ती जोडी. मी त्यातला एक वाळा काढून त्याला दिला. एकच का, ते माझं मलाही कळलं नाही. त्यानं तो डाव्या पायाला बांधला, मोटारसायकल मित्राकडे दिली आणि पोरींच्या मागं सगळ्यात शेवटी धावायला लागला, थोडा लंगडत. तेजूनं वळून बघितलं. "या या! पण ज्योत नाही मिळायची हं!"

"नको तुझी ज्योत! पाणी तरी मिळंल का?"

तळेगाव गेलं, ढकांबे गेलं. म्हसरूळचे दिवे दिसायला लागले तेव्हा आबा समोर बघत म्हणाले, "सूनबाई, दुसरा वाळा कुणाचा?"

"जादा होता, आबा. कापड उरलं होतं."

"उरल्या कापडातून बरोबर तुझ्या घोट्याचं माप निघालं व्हय?" त्यांनी हात पसरले. "आण रुद्रला इकडं. हारुन, थांब."

"आबा, तो रडेल."

"रडंल तर रडंल. मी म्हसरुळात पोरं सांभाळलीत, ती काय हसून वाढली सगळी?"

मी चपला गाडीतच काढल्या. रस्ता अजून उन्हाची ऊब धरून होता. वाळा बांधला, पदर खोचला आणि धावत सुटले. बाळंतपणानंतर मी नळाला पाणी आलं तरी धावले नव्हते. छाती दुधानं जड, श्वास दोन घरांवरच संपला, पण तेजूनं मला बघितलं आणि ती किंचाळली, "वहिनी आलीऽ!" आणि मशाल सरळ माझ्या हातात. तेलाचा वास, कानाशी फडफड, तोंडावर आच. वेशीत ढोल वाजायला लागले. कमानीखाली आई ओवाळायचं ताट घेऊन उभ्या.

धावता धावता मी खाली पायाकडे बघितलं. राखाडी पट्टी, धुळीनं माखलेली, एवढीशी. जाळ नाही, चांदणं नाही.

आणि मागून, पिकअपच्या खिडकीतून, ढोलांच्याही वर, आबांच्या मांडीवरून माझ्या लेकराचा आवाज आला, "दिब्बाऽ! आई! दिब्बा!"